फिरत्या दवाखान्याला छत हवे का?

आपल्या संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी बाहेर ओढता येणारी कापडी छते बसवावीत, असा प्रस्ताव सध्या कार्यकारिणीच्या विचाराधीन आहे. गाडीची बांधणी करून देणाऱ्या व्यावसायिकाने सुचवलेली ही सोय आहे आणि तिच्यावरून सभासदांत सरळ दोन तट पडले आहेत. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा खर्च चैनीचा वाटतो. औषधांना पैसा पुरत नसताना गाडीला छत्रचामरे कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. काही तरुण सहकाऱ्यांना मात्र विजेच्या मोटारीवर चालणारी, बटण दाबताच उघडणारी दोन छते हवी आहेत. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही दोघेही हा प्रश्न गाडीच्या बाजूने पाहत आहेत, असे मला नम्रपणे वाटते. तो रुग्णाच्या बाजूने, त्यातही आईच्या कडेवरील मुलाच्या बाजूने पाहिला तर उत्तर थोडे वेगळे येते. ते उत्तर स्मरणिकेच्या निमित्ताने सहकारी डॉक्टरांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे छत म्हणजे नेमके काय?

युरोप-अमेरिकेत घरासारख्या सजवलेल्या मोटारी घेऊन कुटुंबे सहलीला निघतात. त्या गाड्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडेही कानांवर पडू लागला आहे. अशा गाडीच्या बाजूला, छपराच्या कडेला एक लांब नळी बसवलेली असते. तिच्यावर जाड कापड गुंडाळलेले असते. गाडी मुक्कामी उभी राहिली की कापड बाहेर ओढायचे, दोन घडीच्या दांड्यांनी ताणायचे, आणि गाडीला क्षणात ओसरी तयार होते. गाडीवाले त्याला ‘ऑनिंग’ म्हणतात. काही महागड्या गाड्यांची भिंतच खोलीसारखी बाहेर सरकते. तिच्या छपरावर पाणी व पालापाचोळा साचू नये म्हणून आणखी एक लहान कापड असते. आपल्या गाडीची भिंत सरकत नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या प्रकाराचा विचार करण्याचे कारण नाही.

सहलीच्या गाडीला हे छत चहा पीत बसण्यासाठी असते. आपल्याकडे त्याचे काम निराळे आहे, आणि ते काम कोणते हे ठरल्याशिवाय खर्च योग्य की अयोग्य हे ठरवता येणार नाही.

रुग्ण गाडीत नसतो

फिरता दवाखाना म्हटला की आपले लक्ष गाडीच्या अंतर्भागाकडे जाते. तपासणीचे टेबल, औषधांचे कप्पे, शीतपेटी, हात धुण्याची सोय, या सर्वांचा आपण बारकाईने विचार केला आणि तो योग्यच होता. पण थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, सकाळी १० ते दुपारी २ असे ४ तासांचे शिबिर आहे आणि ८० रुग्ण आले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला डॉक्टरांची ३ मिनिटे येतात. बहुतेक माणसे सकाळीच येऊन बसतात, कारण गाडी आल्याचा निरोप गावात एकदमच पोहोचतो. म्हणजे सरासरी रुग्ण सुमारे २ तास थांबतो आणि शेवटच्याला जवळजवळ ४ तास थांबावे लागते. रुग्णाच्या दृष्टीने आपला दवाखाना म्हणजे ३ मिनिटे गाडीच्या आत आणि २ तास गाडीच्या बाहेर. या बाहेरच्या २ तासांसाठी आपण आजवर कोणतीही तरतूद केलेली नाही.

गावात कडुनिंब आहे, चिंच आहे, शाळेचा व्हरांडा आहे, मग वेगळी सावली कशाला, असे विचारले जाते. झाड असेल तिथे त्याचा आधार घ्यावाच. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू झाले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत रुग्णसेवा झाडाखालीच होत असे, हे आपण सारे जाणतो. अडचण अशी की झाड गाडीजवळ येत नाही आणि गाडी नेहमी झाडाजवळ जाऊ शकत नाही. गाडीला टणक जमीन लागते, वळायला जागा लागते, आठवडी बाजारात तर मिळेल तिथे उभे राहावे लागते. इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरच्या बाजारात ज्या झाडाखाली सावली असते, तिथे विक्रेत्यांनी पहाटेच पाल ठोकलेले असते. झाड ५० पावलांवर असेल तर आया तिथे बसत नाहीत, कारण आपला नंबर जाईल ही भीती त्यांना उन्हापेक्षा मोठी वाटते. मग त्या पदर मुलाच्या डोक्यावर ओढून गाडीच्या दाराशीच उभ्या राहतात.

आपल्या शिबिरांना येणारे लोकही एका गावचे नसतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून वेगळे होऊन तत्कालीन मुंबई राज्यात गेले, पण नात्यागोत्यांना आणि आजारपणाला सीमा कळत नाही. बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यात गाडी उभी राहिली की पैनगंगेच्या पलीकडूनही माणसे येतात. लांबून आलेल्या माणसाला ‘घरी जाऊन सावलीत बस, मग ये’ असे सांगता येत नाही.

ऊन आणि मूल

वर्तमानपत्रात आदिलाबादचे तापमान ४४ अंश छापून येते, तेव्हा तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, हवेशीर पेटीत, थेट ऊन लागणार नाही असा ठेवलेला असतो. उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या ४४ अंशांच्या हवेशिवाय सूर्याचे थेट किरण आणि तापलेल्या जमिनीची धग, असे दोन भार अधिक सोसावे लागतात. छत हवेचे तापमान कमी करत नाही, पण हे दोन भार बऱ्याच अंशी हलके करते. म्हणून सावलीत ‘गार’ वाटते.

लहान मुलाच्या बाबतीत हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा जास्त असते. हवा त्वचेहून गरम झाली की शरीर बाहेरून उष्णता घेऊ लागते, आणि जितके क्षेत्रफळ जास्त तितकी उष्णता जास्त. अशा वेळी शरीर थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. मुलांची घाम निर्माण करण्याची क्षमता प्रौढांइतकी नसते. शिवाय तान्हे मूल तहान लागली असे सांगू शकत नाही आणि सावलीकडे सरकू शकत नाही. ज्याला आधीच ताप व जुलाब आहेत असे मूल २ तास उन्हात थांबले, तर आपल्या टेबलावर येईपर्यंत त्याची निर्जलता एका पायरीने वाढलेली असते. मग आपण त्याला क्षारसंजीवनी देतो. ती द्यायलाच हवी. पण त्या निर्जलतेतला काही भाग आपल्या रांगेने दिलेला असतो, हे आपण कागदावर कुठेच नोंदवत नाही.

गोंड, कोलाम आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून त्यांची तपासणी वाढली आहे आणि आपल्या गाडीपर्यंत येणाऱ्या निदान झालेल्या मुलांची संख्याही वाढते आहे. शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी बाधणे, ही दोन्ही कारणे या मुलांत वेदनेचा झटका आणू शकतात. उपचारासाठी आलेल्या सिकलसेलच्या मुलाला आपण उन्हात ताटकळत ठेवणे, यात वैद्यकीय विसंगती आहे.

थंडीचा उल्लेख मुद्दाम केला. आदिलाबादचा उन्हाळा जितका कडक तितकाच हिवाळाही कडक. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी घेऊन येतात, दूरदूरची कुटुंबे बैलगाड्यांनी आणि आता जीप-ट्रॅक्टरने येऊन उघड्यावर मुक्काम करतात. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तिथे दरबार भरू लागला, तो लोकांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी लोकांच्या जागी येऊन ऐकावीत म्हणून. आपला फिरता दवाखानाही त्याच तत्त्वावर चालतो. त्या माळावर संध्याकाळनंतर दव पडू लागते, आणि तेव्हा तेच छत तान्ह्या बाळावर दवापासूनचा आडोसा होते.

लसीनंतरचा अर्धा तास

माझ्या मते छताच्या बाजूने सर्वांत भक्कम कारण हे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने आपल्या गाडीवर लसीकरण होते. प्रत्येक लसीनंतर मुलाला ३० मिनिटे नजरेखाली ठेवावे, हा नियम आपण सारे शिकलो आणि शिकवतो. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया फार दुर्मीळ आहे, पण ती आली तर बहुधा याच अर्ध्या तासात येते. तेव्हा मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन देण्यासाठी हातात असतात ती मोजकी मिनिटे. मूल गावाच्या वाटेवर असेल तर गाडीतील ॲड्रेनलिनचा त्याला काही उपयोग नाही.

आता हा अर्धा तास आईने कुठे काढायचा? गाडीत जागा नाही. बाहेर ऊन आहे. मूल टोचल्यामुळे रडते आहे, त्याला पाजायचे आहे, आणि त्यासाठी आडोसा नाही. अशा वेळी ‘अर्धा तास थांबा’ असे आपण म्हणतो आणि ती मान डोलावून निघून जाते. तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. आपण तिला जो अर्धा तास सांगितला, तो घालवण्याची जागा आपण दिलेली नव्हती.

लसीच्या दृष्टीनेही सावली उपयोगी आहे. लस २ ते ८ अंश तापमानात राखावी लागते. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी उष्णतेप्रमाणेच प्रकाशालाही नाजूक असतात आणि विरघळवल्यानंतर ४ तासांच्या आत संपवाव्या किंवा टाकून द्याव्या लागतात. परिचारिकेचे टेबल उन्हात असेल तर शीतपेटीचे झाकण उघडताना होणारे नुकसान वाढते. गाडीच्या दाराशी, छताखाली टेबल लावले तर आतली गर्दी कमी होते आणि पेटीही सावलीत राहते.

छताचा रंग कोणता?

या मुद्द्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. व्यावसायिकाने दाखवलेल्या नमुन्यांत निळे, हिरवे आणि पिवळे पट्टे असलेले कापड होते आणि गाडीच्या रंगाला कोणते शोभेल यावर चर्चा झाली. डॉक्टरांच्या गाडीचा रंग ठरवण्याची कसोटी शोभा ही असू नये.

निळ्या ताडपत्रीखाली ज्याने एकदा तरी शिबिर घेतले आहे, त्याला हा अनुभव असेल. त्या छताखाली प्रत्येक मूल थोडे निळसर दिसते. खरोखर ज्याचे ओठ निळे पडले आहेत, ते मूल मग इतरांत मिसळून जाते. पिवळ्या कापडाखाली नवजात बाळाची कावीळ ओळखणे कठीण होते, हिरव्याखाली फिकटपणा कळत नाही. रक्तक्षयासाठी मुलाचा तळहात पाहावा, असे बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात आशा व परिचारिकांना शिकवले जाते. तो तळहात रंगीत उजेडात पाहिला तर शिकलेले वाया जाते. म्हणून कापड पांढरे किंवा फिकट राखाडी असावे, त्यावर जाहिरात नसावी, आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी एकच रंग असावा. पांढऱ्यावर डाग लवकर दिसतात हे खरे, पण डाग दिसले तर ते धुतले जातील.

आणखी दोन लहान गोष्टी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर प्रखर ऊन पडले तर त्याचे वाचन चुकू शकते. कपाळासमोर धरायचा तापमापक नुकत्याच उन्हातून आलेल्या मुलाचा ताप फुगवून दाखवतो. थांबण्याची जागा सावलीत असेल तर या दोन्ही चुका आपोआप कमी होतील.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप पैशाचा. तो मी हलका मानत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. त्यांच्याजवळ खाटा अपुऱ्या होत्या, सलाईन संपत आले होते, आणि तरीही काम झाले. साध्या उपायाचे सामर्थ्य आपल्या शाखेला कोणी नव्याने सांगायला नको. त्यामुळे औषधांच्या, क्षारसंजीवनीच्या किंवा ॲड्रेनलिनच्या तरतुदीतून एक रुपयाही छताकडे वळवू नये, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. छतासाठी स्वतंत्र देणगी मिळाली तरच ते घ्यावे. मात्र सावली साधी असते म्हणून तिला चैन म्हणणेही बरोबर नाही. साखर-मिठाचे पाणीसुद्धा साधेच आहे.

दुसरा आक्षेप असा की बांबू आणि ताडपत्रीने हेच काम होईल. होईल, आणि अनेक ठिकाणी तेच करावे. पण मांडव उभारायला दोन माणसे आणि बराच वेळ लागतो, खड्डे खणायला जमीन मऊ लागते, आणि घाईच्या दिवशी ‘आज राहू दे’ असे म्हणून तो गाडीच्या टपावरच राहतो. जी सोय करायला कष्ट पडतात ती सोय हळूहळू बंद पडते, हा सर्वच संस्थांचा अनुभव आहे. गाडीला जोडलेले छत चालक एकटा काही मिनिटांत उघडू शकतो, हाच त्याचा खरा फायदा आहे.

तिसरा आक्षेप मोडतोडीचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. उघडलेले छत म्हणजे शिडाचे जहाज. चैत्र-वैशाखात आपल्या शेतांतून वावटळ उठते आणि मृगाआधीचा वळीव पूर्वसूचना न देता येतो. अशा वाऱ्यात छत उघडे राहिले तर दांड्या वाकतात, भिंतीतले बोल्ट उखडतात, आणि खाली बसलेल्या मुलाला इजा होऊ शकते. पावसात छत सपाट असेल तर कापडावर पाणी साठून ते फाटते, म्हणून एक पाय खाली करून उतार द्यावा लागतो. ओले कापड तसेच गुंडाळले तर त्याला बुरशी धरते. या सर्व गोष्टी टाळता येतात, पण त्या टाळण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवलेली असावी लागते.

विजेच्या मोटारीचे छत मला याच कारणासाठी नको आहे. आड गावी मोटार किंवा तिचा स्विच बिघडला तर छत अर्धवट उघडे राहील, आणि अर्धवट उघड्या छताची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. दुरुस्तीला हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागेल. हाताने दांडा फिरवून उघडणारे छत आपल्या गावचा मिस्त्रीही दुरुस्त करू शकतो.

चौथा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या एकूण रुंदीला २.६ मीटरची मर्यादा आहे. बाजूला बसवलेली नळी धरून गाडी नियमात बसते का, हे परिवहन कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर हा प्रश्न निघाला तर तो संस्थेच्या गळ्याशी येईल.

उपयोगाचे काही नियम

छत एकच घ्यावे आणि ते डाव्या बाजूला घ्यावे. आपल्या गाडीचे दार डावीकडे आहे आणि रस्त्याच्या कडेला उभी केली की वाहतूक उजवीकडून जाते. उजव्या बाजूला छत उघडून त्याखाली मुले बसवणे धोक्याचे आहे. अडीच मीटर बाहेर येणारे आणि चार मीटर लांबीचे छत १० चौरस मीटर सावली देते. त्यात पंधरा-वीस आया मुलांसह दाटीवाटीने का होईना बसू शकतात. ८० जणांना ते पुरणार नाही. म्हणून लसीकरण झालेली मुले, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि तापाचे रुग्ण यांना तिथे प्रथम जागा द्यावी आणि बाकीच्यांसाठी झाड किंवा ताडपत्री वापरावी.

गाडी कशी उभी करायची, यालाही महत्त्व आहे. सकाळच्या सत्रात गाडीचे तोंड उत्तरेकडे असावे. तेव्हा डावी बाजू पश्चिमेला येते, पूर्वेच्या उन्हाला गाडीची भिंत आडवी होते आणि तिची सावली छताच्या सावलीला मिळते. दुपारनंतरचे शिबिर असेल तर तोंड दक्षिणेकडे करावे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आदिलाबादला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दिवसांत गाडीची स्वतःची सावली जवळजवळ उरत नाही. तेव्हा छताशिवाय दुसरा आधार नसतो.

छताच्या तिन्ही बाजू कनातीने बंद करू नयेत. वारा खेळला नाही तर सावलीतही गुदमरते. थंडीच्या जत्रेत वाऱ्याकडची एकच बाजू झाकावी. एका कोपऱ्यात पाजण्यासाठी पडदा लावावा. जनित्राचा आणि इंजिनाचा धूर छताखाली येणार नाही याची खात्री करावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याचा पहिला बळी जमिनीलगत निजवलेले बाळ ठरू शकते. वातानुकूलन यंत्राचा गरम झोतही त्या बाजूला सोडू नये. छताखाली पिण्याच्या पाण्याची टाकी, क्षारसंजीवनीचे भांडे आणि सर्वांना दिसेल असे मोठे घड्याळ असावे. मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या आयांना ‘काटा इथे आला की निघा’ हे बोट दाखवून सांगता येते.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’चे रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारले होते की दवाखाना कसा हवा. त्यामुळे तिथे मोठी इमारत न होता झोपड्यांसारखी रचना झाली, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आले, आणि दवाखान्याला त्यांच्या देवीचे नाव मिळाले. आपणही व्यावसायिकाचा नमुना पाहण्याआधी रांगेतल्या चार बायकांना विचारायला हवे.

माझी सूचना

छत बसवावे, असे माझे मत आहे. पण ते लगेच बसवू नये. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक शिबिरात गाडीच्या डाव्या बाजूला पांढरी ताडपत्री बांधून पाहावी. एक शिबिर ताडपत्रीसह, पुढचे तिच्याविना, असे आलटून पालटून करावे. प्रत्येक शिबिरात फक्त दोन गोष्टी मोजाव्यात: लस घेतलेल्या मुलांपैकी किती मुले ३० मिनिटे थांबली, आणि नोंदणी करूनही किती रुग्ण न तपासता परत गेले. याला पैसा लागत नाही. एक वही आणि एक स्वयंसेवक पुरे आहेत. ताडपत्रीने या आकड्यांत फरक पडला नाही, तर महागड्या छतानेही पडणार नाही, आणि मग मी माझी सूचना आनंदाने मागे घेईन. फरक पडला, तर हाताने उघडणारे, पांढरे, एकच छत स्वतंत्र देणगीतून घ्यावे.

देणगीदारांना एक विनंती. त्या छतावर आपले नाव मोठ्या अक्षरांत असावे, असा आग्रह कृपया धरू नये. नाव आतल्या फलकावर कृतज्ञतापूर्वक लिहिले जाईल. छताचे कापड कोरे असणे ही वैद्यकीय गरज आहे.

सभासदांनी आपले मत, विशेषतः विरोधी मत, पुढील बैठकीपूर्वी कार्यकारिणीकडे लेखी पाठवावे. ज्यांनी शिबिरांत काम केले आहे अशा परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि आपल्या गाडीचे चालक यांना त्या बैठकीस अवश्य बोलवावे. छत त्यांनाच उघडायचे आणि मिटायचे आहे.